जुन्या गाडीचे डिझेल फिल्टर आणि ब्रेक : कोणते काम आपले, कोणते मिस्त्रीचे?

आठवडी बाजारावर पोट असलेल्या व्यापाऱ्याचे खरे दुकान म्हणजे त्याची गाडी. आम्ही कारंजा लाड येथे कापडाचा व्यवसाय करतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या घाऊक बाजारातून माल आणायचा आणि मंगरुळपीर, मानोरा, शेलूबाजार, कामरगाव, धनज अशा बाजारगावी न्यायचा, हा आमच्यासारख्या अनेकांचा परिपाठ आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला रेल्वे एके काळी या भागाचा कापूस वाहत असे. ती बंद पडली आणि सारा भार रस्त्यावर आला. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही म्हणून आपल्यातील बहुतेकजण दहा-पंधरा वर्षे जुनी पिकअप किंवा छोटा ट्रक वापरतात. गाडी जुनी असण्यात काही गैर नाही. तिच्याकडे डोळेझाक करणे मात्र महागात पडते.

गॅरेजचा खर्च वाचावा म्हणून गाडीची किरकोळ कामे स्वतः करण्याकडे आपल्या मंडळींचा कल असतो. ही सवय चांगली आहे. परंतु सर्व कामे सारख्या जोखमीची नसतात. डिझेल फिल्टरचे काम चुकले तर गाडी सुरू होणार नाही आणि एक बाजार बुडेल. ब्रेकचे काम चुकले तर गाडी थांबणार नाही, आणि त्याची किंमत कोणाच्या तरी जिवाने मोजावी लागेल. म्हणून फिल्टरचे काम मालकाने मोकळ्या मनाने शिकावे. ब्रेकच्या बाबतीत पाहणी आणि देखभाल आपली, दुरुस्ती मिस्त्रीची, आणि काम कोणीही केले तरी तपासणी दोघांची, असा नियम आम्ही पाळतो. या लेखात त्याच नियमाने दोन्ही कामांची माहिती देत आहोत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणारा जसा गुन्हेगार ठरतो, तसाच ती चालवू देणाराही ठरतो. दोष माहीत नव्हता असे सांगून सुटका होत नाही. साधी काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, तोही कायदा धरतो. म्हणजे गाडीवर पगारी चालक असला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. शिवाय आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण ते प्रमाणपत्र एका दिवसाच्या तपासणीचे असते. उरलेल्या ३६४ दिवसांची तपासणी आपल्यालाच करायची आहे.

साहित्य आणि कपडा

योग्य मापाचे रिंग पाने, पेचकस, प्लास, मजबूत जॅक, दोन लोखंडी घोड्या, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, पारदर्शक रबरी किंवा प्लॅस्टिकची बारीक नळी आणि काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या, एवढे पुरेसे आहे. उघड्या तोंडाच्या पान्याने घट्ट नट सोडवू नये. नटाचे कोपरे झिजतात आणि पाच मिनिटांचे काम पाच तासांचे होते.

जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली डोके घालू नये. विटा आणि दगड घोड्यांचे काम करीत नाहीत. वीट भाराखाली अचानक फुटते.

पुसण्याच्या कपड्याबद्दल आम्ही आमच्या धंद्याच्या अनुभवावरून सांगू शकतो. गॅरेजमध्ये सुताचा गुंता किंवा फाडलेली चिंधी वापरतात. कापड फाडले की त्या कडेचे धागे सुटू लागतात, आणि सुती तंतू हे फिल्टरचे आणि ब्रेकच्या सिलिंडरचे शत्रू आहेत. घट्ट विणीचे, दोन-चार वेळा धुतलेले आणि कडा दुमडून शिवलेले कापड या कामासाठी वेगळे ठेवावे. नवे कापड खळ असल्यामुळे तेल नीट टिपत नाही.

डिझेल फिल्टर : का आणि केव्हा?

डिझेल इंजिनाच्या पंपात आणि नोझलमध्ये भागांमधली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. त्या फटीत धुळीचा कण गेला की धातू घासला जातो, आणि पाणी गेले की गंज चढतो. म्हणून बहुतेक जुन्या गाड्यांत एकापाठोपाठ दोन फिल्टर असतात. पहिला जाड चाळणीसारखा, दुसरा मैद्याच्या चाळणीसारखा. पहिला स्वस्त आहे म्हणून तोच बदलायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, हा हिशेब चुकीचा आहे. फिल्टरची किंमत आणि पंप उघडून दुरुस्त करण्याची किंमत यांची तुलनाच होऊ शकत नाही.

फिल्टर किती किलोमीटरवर बदलायचा ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत ती मुदत थोडी अलीकडेच आणावी. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचे पाणी दर आठवड्याला सोडावे. टाकी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी करू नये. रिकाम्या जागेतल्या हवेतील ओल थंडीने टाकीच्या पत्र्यावर जमते आणि थेंब डिझेलमध्ये उतरतात.

फिल्टर भरल्याची लक्षणे ओळखावीत. रिकामी गाडी ठीक चालते, पण माल भरून चढाला लागली की दम सोडते. गाडी सुरू होते आणि मिनिटभरात बंद पडते. वेग वाढवला की गचके देते. सकाळी सुरू व्हायला फार वेळ लागत असेल तर मात्र कोठेतरी हवा शिरत असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी फिल्टर बदलण्याआधी रबरी नळ्या आणि त्यांच्या पट्ट्या तपासाव्यात.

आजकाल ही लक्षणे अधिक गांभीर्याने घ्यावी लागतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि तो कारंज्याजवळूनच जातो. गावच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर कोणीतरी धक्का मारतो. त्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी मागून वेगाने येणाऱ्यांसाठी अडथळा ठरते.

फिल्टर बदलण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना उभी करावी. हँडब्रेक लावावा. विडी-सिगारेट, स्टोव्ह, दिवा जवळ नसावा.

२. फिल्टर उघडण्याआधी त्याची बाहेरची बाजू डिझेल आणि ब्रशने धुऊन पुसून घ्यावी. बाहेरची माती आत जाऊ देणे म्हणजे फिल्टर न बदलण्यापेक्षाही वाईट.

३. तळाचा स्क्रू सैल करून आतले डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि दोघांमधली रेघ स्पष्ट दिसते. पाणी बरेच निघाले तर टाकीही साफ करून घ्यावी आणि डिझेल कोठून भरले होते ते आठवावे. हे डिझेल मातीत किंवा नालीत ओतू नये.

४. जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी कडे वर चिकटून राहिले नाही ना ते पाहावे. जुन्या कड्यावर नवे कडे बसले की गळती किंवा हवा ठरलेली. नव्या फिल्टरसोबत आलेले कडेच वापरावे आणि त्याला बोटाने थोडे डिझेल लावावे.

५. डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर कडे टेकेपर्यंत हाताने फिरवावा आणि मग त्यावर लिहिले असेल तेवढाच पुढे आवळावा. पान्याने जोर करू नये. मधल्या बोल्टने आवळायचा फिल्टर असेल तर बोल्ट बेताने आवळावा. आटे गेले तर वरचे संपूर्ण घर बदलावे लागते.

६. काहीजण नवा फिल्टर आधीच डिझेलने भरून लावतात. मधल्या मोठ्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळताच थेट पंपाकडे जाते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्यापेक्षा फिल्टर रिकामा बसवून हातपंपाने भरणे चांगले.

७. आता हवा काढावी. फिल्टरच्या वरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करावा आणि हातपंप मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. डिझेल सलग वाहत असतानाच स्क्रू आवळावा.

८. गाडी सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवावी आणि सर्व सांधे कोरड्या कपड्याने पुसून ओल येते का ते पाहावे.

एवढे करूनही गाडी सुरू झाली नाही तर नोझलच्या नळ्या स्वतः सैल करू नयेत. तेथे डिझेलचा दाब फार मोठा असतो. त्याची बारीक धार कातडीतून आत घुसू शकते, आणि तसे झाल्यास जखम छोटी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे लागते. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात हा दाब कितीतरी पटींनी अधिक असतो. तेव्हा तशा गाडीचे आणि पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे इंधनाचे काम जाणकारावरच सोपवावे.

ब्रेक : पायाला काय जाणवते?

जुन्या पिकअपचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. पायाचा जोर मास्टर सिलिंडरवर येतो, तेथून नळ्यांतील तेल तो जोर चारही चाकांपर्यंत नेते आणि ब्रेक शू ड्रमला दाबले जातात. तेल दाबले जात नाही म्हणूनच हे शक्य होते. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवा शिरली की पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि चाकापर्यंत पोहोचत नाही.

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. गाडीची माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि मिस्त्रीची बोली या दोन्हींपेक्षा निराळी. तरीही पेडलची भाषा सर्वांना सारखीच कळते. ती अशी :

पेडल बरेच खाली जाते, पण दुसऱ्यांदा दाबले की वर येऊन घट्ट होते : लायनर झिजले आहेत किंवा शू जवळ घ्यावे लागतील.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते : तेलात हवा आहे.

पाय स्थिर ठेवला तरी पेडल हळूहळू खाली बसत जाते : बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. गाडी जागची हलवू नये.

पेडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही : व्हॅक्यूमची मदत मिळत नाही किंवा लायनर चकचकीत झाले आहेत.

ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते : एका चाकाच्या लायनरवर तेल-ग्रीस आले आहे, सिलिंडर अडकला आहे किंवा टायरमधली हवा कमी-जास्त आहे.

ब्रेक फारसा न वापरताही एखादे चाक तापते : त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही.

ब्रेकची कोणती कामे आपली?

पहिले काम रोजचे. सकाळी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते पाहावे. लायनर झिजतात तशी पातळी अगदी सावकाश उतरते. ती आठवड्यात बोटभर उतरली तर तेल कोठेतरी गळत आहे. वरून तेल घालून वेळ मारून नेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

दुसरे काम योग्य तेलाचे. झाकणावर डॉट-३ किंवा डॉट-४ जे लिहिले असेल तेच घ्यावे. या तेलाला हवेतील ओल शोषण्याची सवय असते. डॉट-३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ठराविक प्रमाणात ओल मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. मोठ्या उतारावर ब्रेक तापले की ओलावलेल्या तेलात वाफ होते आणि पेडल अचानक खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलावे, लहान बाटली घ्यावी आणि महिनोन् महिने उघडी राहिलेली बाटली वापरू नये. इंजिन ऑइल, स्टिअरिंगचे तेल किंवा डिझेल या टाकीत चुकूनही जाऊ देऊ नये. आतली सर्व रबरे फुगतात आणि संपूर्ण ब्रेक नव्याने बांधावा लागतो. ब्रेक ऑइलने गाडीचा रंग निघतो आणि कापडाचा मालही खराब होतो, म्हणून बाटली गाठींजवळ ठेवू नये.

तिसरे काम शू जवळ घेण्याचे. पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागचा भाग घोड्यांवर घ्यावा आणि हँडब्रेक सोडावा. चाकामागच्या पत्र्यातील भोकातून पेचकसाने दात्यांची चकती फिरवावी. चाक अडेपर्यंत शू जवळ आणावेत आणि मग चाक मोकळे फिरेल इतपत मागे घ्यावेत. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात.

चौथे काम हवा काढण्याचे. याला दोन माणसे लागतात. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचे डावे चाक मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असते. तेथून सुरुवात करावी, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल सावकाश तीन-चार वेळा मारून दाबून धरावे. दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सोडावा, तेल व हवा निघू द्यावी आणि निपल पुन्हा आवळावा. निपल आवळल्याचे तोंडाने सांगितल्यावरच पहिल्याने पाय उचलावा, नाहीतर निघालेली हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. मधून मधून वरची टाकी भरत राहावी, कारण ती रिकामी झाली की सारे काम पहिल्यापासून. बाटलीत निघालेले तेल पुन्हा वापरू नये.

ड्रम उघडला असेल तर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. नाका-तोंडावर फडके बांधून ती ओल्या कपड्याने टिपावी आणि तो कपडा टाकून द्यावा.

कोणती कामे मिस्त्रीची?

मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, लोखंडी आणि रबरी नळ्या, व्हॅक्यूमचा डबा, ड्रम घासून घेणे आणि नवे लायनर बसवणे ही कामे अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत. आपण शेजारी उभे राहावे आणि तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे.

एक, लायनर नेहमी एकाच धुरीच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असले की गाडी ओढते. दोन, तेलाने भिजलेला लायनर जाळून किंवा पॉलिश पेपरने घासून परत बसवू देऊ नये. मुरलेले तेल गरम होताच पुन्हा वर येते. तीन, गळणाऱ्या चाकाची नळी बंद करून गाडी तीन ब्रेकवर सोडण्याचा जो तोडगा रस्त्याकडेला सर्रास सुचवला जातो, तो मान्य करू नये. “सेठ, गावापर्यंत आरामात जाल,” असे सांगणारा माणूस आपल्या गाडीत बसणार नसतो. अशा वेळी दुसरी गाडी बोलावून माल तीत भरावा. भाड्याचे पैसे जातील, पण तो खर्च धंद्याचा आहे. अपघाताचा खर्च कोणत्याही वहीत बसत नाही.

माल आणि उतार

ब्रेक चांगला असूनही गाडी थांबत नाही, याचे एक कारण जादा माल हेही आहे. लग्नसराईत आणि सणांच्या दिवसांत एका फेरीत दोन फेऱ्यांच्या गाठी भरण्याचा मोह होतो. गाडीचा ब्रेक तिच्या ठरलेल्या वजनासाठी बनवलेला असतो.

आपल्या भागात मोठे घाट कमी, त्यामुळे उताराची सवय नसते. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. अशा ठिकाणी आधीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे फार धोक्याचे आहे. इंजिन बंद करणे त्याहून वाईट, कारण दोन-तीनदा पेडल मारताच व्हॅक्यूमची मदत संपते आणि ब्रेक दगडासारखा कडक होतो.

काम झाल्यावर तपासणी

ब्रेकला हात लागला की, मग तो आपला असो की मिस्त्रीचा, पुढील क्रम मोडू नये. इंजिन चालू करून जागच्या जागी पेडल दहा वेळा मारावे. मग अर्धा मिनिट जोराने दाबून धरावे आणि खाली बसते का ते पाहावे. दुसऱ्या माणसाने त्या वेळी चारही चाकांच्या आत बॅटरीने पाहावे. चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. मोकळ्या मैदानात रिकामी गाडी दहा-पंधरा किलोमीटर वेगाने चालवून ब्रेक लावावा. गाडी सरळ थांबली तरच वेग वाढवावा. थोडे अंतर चालवल्यावर चाकांच्या जवळ हात नेऊन एखादे जास्त तापले आहे का ते पाहावे, ड्रमला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची पातळी पुन्हा पाहावी. यानंतरच गाडीत माल भरावा. बाजाराच्या आदल्या रात्री ब्रेकचे काम काढू नये, कारण घाईत हीच तपासणी राहून जाते.

गाडीचे खाते

आपण उधारीची पै न पै वहीत लिहितो, पण गाडीत कोणता फिल्टर केव्हा घातला ते विचारले तर आठवत नाही. गाडीचे एक वेगळे पान ठेवावे. तारीख, किलोमीटर, काम, कोणता सुटा भाग, किंमत आणि काम करणाऱ्याचे नाव, एवढेच रकाने पुरेत. वर्षाअखेरीस दोन बेरजा कराव्यात. एक देखभालीच्या खर्चाची. दुसरी गाडी बंद राहिल्यामुळे बुडालेल्या बाजारांची, तीत मदतनिसाची मजुरी, दुसऱ्या गाडीचे भाडे आणि न झालेली विक्री धरावी. दुसरी बेरीज पहिलीपेक्षा मोठी निघाली तर देखभालीत हात आखडता घेतला गेला आहे, असे समजावे.

एकट्या छोट्या व्यापाऱ्याला चांगला जॅक आणि घोड्या घेणे जड जाते. एकाच बाजारपेठेतील चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक पेटी घ्यावी आणि एका विश्वासू मिस्त्रीला दर तीन महिन्यांनी ठरलेल्या दिवशी बोलावून सर्वांच्या गाड्यांचे ब्रेक एकत्र तपासून घ्यावेत. त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी, घासाघीस करू नये. दुकानात बसणाऱ्या मुलांनाही त्या दिवशी सोबत उभे करावे. पुढे गाडी त्यांनाच चालवायची आहे.